मुख्यमंत्र्यांचे कार्यकाल आणि पनवेल तालुका

गावातील रस्त्याची, शाळेची अथवा बंधाऱ्याची हकीकत सांगताना 'हे नाईकसाहेबांच्या काळात झाले', 'ते दादांच्या कारकिर्दीत झाले' असे म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात जुना आहे. पूर्वी राज्याभिषेकापासून वर्षे मोजत. लोकशाहीत ती मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीवरून मोजली जातात. ही मोजणी सोयीची खरी, परंतु ती पुरेशी आहे काय? राज्याच्या प्रमुखाचा कार्यकाल आणि त्याने हाती घेतलेल्या कार्याचा काल हे दोन्ही एकच असतात काय? शाळेत नागरिकशास्त्र शिकविणारा शिक्षक, पंचायतीचा सदस्य आणि शासकीय अधिकारी या तिघांनाही या प्रश्नाचे उत्तर माहीत असणे अगत्याचे आहे.

या अभ्यासासाठी रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. १९७० साली या तालुक्यातील भूमीसंबंधी शासनाने एक निर्णय घेतला. त्या वर्षापासून २०२५ पर्यंत सतरा व्यक्तींनी राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले. निर्णय मात्र एकाच धाग्याने पुढे चालत राहिला. हा धागा उलगडण्यापूर्वी मुख्यमंत्रिपदाचा आणि त्याच्या मुदतीचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

पदाचा उगम

१९३५ च्या भारत सरकारच्या कायद्यान्वये प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १ एप्रिल १९३७ पासून ती अमलात आली. त्या काळी प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखास 'पंतप्रधान' याच अर्थाची पदवी होती. मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान सर धनजीशा कूपर हे होत. निवडणुकीत सर्वांत मोठा ठरलेला काँग्रेस पक्ष प्रारंभी अधिकारग्रहणास तयार नसल्याने कूपर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यास विधिमंडळाचा आधार नव्हता आणि जुलै १९३७ मध्ये ते गेले. त्यानंतर बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. दुसऱ्या महायुद्धात लोकप्रतिनिधींना न विचारता भारतास गोवण्यात आल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९४६ ते एप्रिल १९५२ या काळात खेर पुन्हा प्रांताचे प्रमुख होते. याच कारकिर्दीत, २६ जानेवारी १९५० रोजी, संविधान अमलात आले. 'पंतप्रधान' ही संज्ञा केवळ केंद्रातील प्रमुखासाठी राहिली आणि राज्याच्या प्रमुखास 'मुख्यमंत्री' म्हणण्यात येऊ लागले.

खेर यांच्यानंतर मोरारजी देसाई १९५६ पर्यंत मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. तेच पुढे मार्च १९७७ ते जुलै १९७९ या काळात देशाचे पंतप्रधान झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्याची धुरा यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री होण्याचा मानही त्यांनाच मिळाला.

मुदत कोणाची?

मुख्यमंत्र्याची मुदत पाच वर्षांची असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. पाच वर्षांची मुदत संविधानाच्या अनुच्छेद १७२ ने विधानसभेस दिली आहे, मुख्यमंत्र्यास नव्हे. अनुच्छेद १६४ अन्वये राज्यपाल मुख्यमंत्र्याची नियुक्ती करतात आणि मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेस जबाबदार असते. सभागृहाचा विश्वास आहे तोवर मुख्यमंत्री आहे. तो गेला की एका दिवसाचीही हमी नाही. पंतप्रधानाचे पदही लोकसभेच्या संदर्भात याच तत्त्वावर उभे आहे. म्हणूनच पंडित जवाहरलाल नेहरू १९४७ पासून १९६४ पर्यंत सलग पंतप्रधान राहू शकले आणि गुलझारीलाल नंदा यांना दोन्ही वेळा केवळ काही दिवसांपुरतेच हंगामी पंतप्रधान म्हणून काम पाहावे लागले.

विधानसभेची मुदतही नेहमी पाचच वर्षे राहिली असे नाही. आणीबाणीच्या काळात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती सहा वर्षे करण्यात आली होती. त्यामुळे १९७२ साली निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेनंतरची निवडणूक १९७८ साली झाली. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत पूर्ववत करण्यात आली. शिवाय, संविधानानुसार राज्यकारभार चालणे अशक्य झाल्यास अनुच्छेद ३५६ अन्वये राष्ट्रपती राजवट लागू होते. महाराष्ट्रात असा प्रसंग १९८०, २०१४ आणि २०१९ असा तीन वेळा आला.

कार्यकालांची नोंद

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपासूनच्या कारकिर्दी पुढीलप्रमाणे आहेत :

यशवंतराव चव्हाण : मे १९६० ते नोव्हेंबर १९६२
मारोतराव कन्नमवार : नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६३
बाळासाहेब सावंत (हंगामी) : नोव्हेंबर ते डिसेंबर १९६३
वसंतराव नाईक : डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५
शंकरराव चव्हाण : फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७
वसंतदादा पाटील : मे १९७७ ते जुलै १९७८
शरद पवार : जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८०
(राष्ट्रपती राजवट : फेब्रुवारी ते जून १९८०)
बॅ. अब्दुल रहमान अंतुले : जून १९८० ते जानेवारी १९८२
बॅ. बाबासाहेब भोसले : जानेवारी १९८२ ते फेब्रुवारी १९८३
वसंतदादा पाटील : फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५
शिवाजीराव पाटील निलंगेकर : जून १९८५ ते मार्च १९८६
शंकरराव चव्हाण : मार्च १९८६ ते जून १९८८
शरद पवार : जून १९८८ ते जून १९९१
सुधाकरराव नाईक : जून १९९१ ते मार्च १९९३
शरद पवार : मार्च १९९३ ते मार्च १९९५
मनोहर जोशी : मार्च १९९५ ते जानेवारी १९९९
नारायण राणे : फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९९
विलासराव देशमुख : ऑक्टोबर १९९९ ते जानेवारी २००३
सुशीलकुमार शिंदे : जानेवारी २००३ ते ऑक्टोबर २००४
विलासराव देशमुख : नोव्हेंबर २००४ ते डिसेंबर २००८
अशोक चव्हाण : डिसेंबर २००८ ते नोव्हेंबर २०१०
पृथ्वीराज चव्हाण : नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१४
(राष्ट्रपती राजवट : सप्टेंबर ते ऑक्टोबर २०१४)
देवेंद्र फडणवीस : ऑक्टोबर २०१४ ते नोव्हेंबर २०१९
(राष्ट्रपती राजवट : १२ ते २३ नोव्हेंबर २०१९)
देवेंद्र फडणवीस : नोव्हेंबर २०१९ (काही दिवस)
उद्धव ठाकरे : नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२
एकनाथ शिंदे : जून २०२२ ते डिसेंबर २०२४
देवेंद्र फडणवीस : डिसेंबर २०२४ पासून

ही नोंद वाचताना काही गोष्टी ध्यानात येतात. सर्वांत दीर्घ सलग कारकीर्द वसंतराव नाईक यांची, अकरा वर्षांहून अधिक काळाची. विधानसभेची पाच वर्षांची संपूर्ण मुदत मुख्यमंत्रिपदावर राहून पुरी करण्याचा योग केवळ दोघांना आला : १९६७ ते १९७२ या मुदतीत नाईक यांना व २०१४ ते २०१९ या मुदतीत फडणवीस यांना. कारकिर्दी संपण्याची कारणेही निरनिराळी आहेत. यशवंतराव चव्हाण यांना चीनच्या आक्रमणाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविण्यात आले. कन्नमवार यांचे पदावर असतानाच निधन झाले. अंतुले यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर राजीनामा दिला. १९७८ साली आणि २०२२ साली सत्तारूढ पक्षात फूट पडून सरकारे बदलली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी सभागृहात बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा सादर केला.

आणखी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. जानेवारी १९८२ ते मार्च १९९५ या तेरा वर्षांत राज्याने सात कारकिर्दी पाहिल्या. सत्तारूढ पक्ष एकच होता. प्रमुख मात्र सरासरीने दोन वर्षांच्या आत बदलत होते. पनवेल आणि उरण तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न नेमका याच वर्षांत धगधगत होता.

१९७० चा निर्णय

मुंबई बेटावरील वाढत्या लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या नियोजनकारांनी मांडली होती. वसंतराव नाईक यांच्या शासनाने ती स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी व अन्य कुटुंबांच्या जीवनात या एका निर्णयाने आमूलाग्र बदल घडवून आणला. आज ज्यांस कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल आणि उलवे या वसाहती म्हणून ओळखले जाते, तेथील भूमी त्या वेळी शेतजमीन अथवा खाजण होती.

निर्णय घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांची कारकीर्द १९७५ मध्ये संपली. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तेथून पुढे सुरू झाला. मोबदला किती, विकसित झालेल्या भूमीत मूळ मालकाचा वाटा कोणता, वाढत्या गावठाणाचे काय, हे प्रश्न दर नव्या मुख्यमंत्र्यापुढे नव्याने मांडावे लागले. हे मांडणाऱ्यांत अग्रणी होते शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील. उरण तालुक्यातील जासई येथे १९२६ साली जन्मलेले पाटील १९५७ पासून अनेकदा पनवेलमधून विधानसभेवर निवडून गेले. दोन वेळा लोकसभेवरही गेले. मुख्यमंत्री बदलत राहिले, तरी मागणी करणारा आवाज एकच राहिला, ही गोष्ट या प्रश्नाच्या इतिहासात निर्णायक ठरली.

जानेवारी १९८४ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, जासई परिसरात व न्हावा-शेवा येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यांचे स्मरण या भागात दरवर्षी केले जाते. या घटनेनंतर विकसित भूमीतील वाट्याची मागणी टाळणे कोणत्याही शासनास शक्य राहिले नाही. तथापि प्रत्यक्ष निर्णय होण्यास सहा वर्षे लागली आणि तेवढ्यात तीन कारकिर्दी उलटल्या. शरद पवार मुख्यमंत्री असताना १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण अमलात आले. जमीन घेऊन केवळ पैसा देण्याऐवजी विकासात भागीदार करण्याचे हे तत्त्व पुढे इतर प्रकल्पांनाही मार्गदर्शक ठरले.

एक विमानतळ, अनेक कारकिर्दी

याच तत्त्वाची पुढील पायरी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या निमित्ताने दिसून आली. पनवेल तालुक्यातील या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती २००७ साली मिळाली. तेव्हा राज्यात विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. पर्यावरणविषयक मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. पृथ्वीराज चव्हाण यांनी त्याच महिन्यात सूत्रे हाती घेतली होती. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर आदी वस्त्यांना आपली जुनी जागा सोडावी लागणार होती. त्यांच्यासाठी साडेबाराऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा पर्याय चव्हाण यांच्या शासनाने २०१४ साली दिला. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये, फडणवीस मुख्यमंत्री असताना झाले. ठाकरे आणि शिंदे यांच्या कारकिर्दींत बांधकाम चालू राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. भिन्न पक्षांच्या मुख्यमंत्र्यांच्या हातून हे काम गेले. त्यांपैकी एकासच त्याचे कर्ते मानणे इतिहासास धरून होणार नाही.

या विमानतळाच्या नावाचा प्रसंग तर कार्यकालाच्या अभ्यासात पाठ म्हणून शिकविण्याजोगा आहे. दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळास देण्याचा निर्णय उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी घेतला. तत्पूर्वीच राज्यपालांनी त्या मंत्रिमंडळास सभागृहात बहुमत सिद्ध करण्यास सांगितले होते. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. बहुमताबद्दल प्रश्न उपस्थित झाल्यावर घेतलेला निर्णय वैध ठरेल काय, अशी शंका नव्या शासनाने काढली आणि एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये हाच विषय पुन्हा घेऊन तोच निर्णय नव्याने केला. निर्णयाचा आशय दोन्ही मंत्रिमंडळांना मान्य होता. प्रश्न निर्माण झाला तो केवळ दिनांकाचा. मंत्रिमंडळाच्या टिपणीवरील दिनांकास किती अर्थ असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

टिकणारे आणि बदलणारे निर्णय

कारकीर्द संपल्यावरही काही निर्णय टिकतात, याची इतर उदाहरणे पनवेलच्या परिसरात व राज्यात पुष्कळ आहेत. पनवेलनजीक कळंबोली येथून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मनोहर जोशी यांच्या शासनाने हाती घेतला. तो संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला तो २००२ साली, विलासराव देशमुख यांच्या कारकिर्दीत. आज त्यास नाव आहे ते पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईक यांच्या शासनाने राबविलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्याच्या स्वरूपात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तोवर मुख्यमंत्रिपदावर चौथी व्यक्ती आलेली होती. देशासाठी २००५ साली झालेल्या कायद्यास महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला. अंतुले यांच्या कारकिर्दीत, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्यास दिलेले रायगड हे नावही कायम राहिले.

याउलट, काही निर्णय कारकिर्दीबरोबर पालटतात. सरपंचाची निवड थेट मतदारांनी करावी, असा निर्णय फडणवीस यांच्या शासनाने २०१७ साली घेतला. ठाकरे यांच्या शासनाने २०२० साली तो रद्द करून सदस्यांमधून सरपंच निवडण्याची जुनी पद्धत आणली. शिंदे यांच्या शासनाने २०२२ साली थेट निवड पुन्हा सुरू केली. पाच वर्षांत दोनदा नियम बदलल्याने एकाच तालुक्यातील शेजारच्या दोन ग्रामपंचायतींचे सरपंच दोन निरनिराळ्या पद्धतींनी निवडून आलेले असू शकतात.

या दोन प्रकारांतील भेदाचे कारण शोधले, तर असे दिसते की ज्या निर्णयामागे लोकांची सातत्याची मागणी असते, ज्यास कायद्याचे अथवा स्पष्ट शासन निर्णयाचे बळ असते आणि ज्याच्या अंमलबजावणीत लोकांचे हित गुंतलेले असते, तो निर्णय मुख्यमंत्री बदलला तरी टिकतो. साडेबारा टक्क्यांचे धोरण टिकले ते या तिन्ही कारणांमुळे. केवळ मतभेदाच्या एका बाजूवर उभा असलेला निर्णय दुसरी बाजू सत्तेवर येताच बदलतो. लोकशाहीत हेही स्वाभाविकच मानावे लागेल. कारण मत बदलण्याचा अधिकार नसेल तर निवडणुकीस अर्थ उरणार नाही.

स्थानिक संस्थांसाठी बोध

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांना पाच वर्षांची मुदत दिली. येथेही मुदत संस्थेस आहे. १८५२ साली स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवक गेले, पण पाणीपुरवठा, करवसुली व जन्ममृत्यूची नोंद एक दिवसही थांबू शकत नव्हती. अशा वेळी संस्थेचा आधार असतात ते तिचे दप्तर आणि तिचे कर्मचारी.

म्हणून पंचायतीच्या सदस्यांनी एखादे काम 'अमक्या साहेबांनी मंजूर केले' एवढ्यावर समाधान मानणे हिताचे नाही. शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक, मंजूर रक्कम आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे, या चार गोष्टी ठराववहीत व्यवस्थित नोंदलेल्या असल्या, तर मुख्यमंत्री, पालकमंत्री अथवा जिल्हाधिकारी बदलले तरी पाठपुरावा तुटत नाही. जमीन संपादित झालेल्या कुटुंबांनी जुना सातबारा उतारा, फेरफार, निवाड्याची प्रत व वारसनोंद सांभाळून ठेवणे तर त्याहूनही महत्त्वाचे आहे. १९७० साली गेलेल्या जमिनीचा भूखंड १९९० नंतर मागावयाचा, तर मधल्या वीस वर्षांचा दुवा कागदच जोडू शकतो. ज्या घरी कागद होता त्या घरचा वारस हक्क सांगू शकला. जेथे तो नव्हता तेथे हक्क असूनही हेलपाटे वाढले.

शिक्षकांना वर्गात या विषयावर एक सोपा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एक सार्वजनिक काम निवडावे : नळपाणी योजना, साकव, शाळेची इमारत असे काहीही. त्याची मागणी केव्हा झाली, मंजुरी केव्हा मिळाली, काम केव्हा सुरू झाले व केव्हा संपले, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरावरून व वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे आणि प्रत्येक दिनांकासमोर त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांचे नाव मांडावे. बहुतेक कामांपुढे एकाहून अधिक नावे येतील. मुख्यमंत्र्यांची यादी पाठ करण्यापेक्षा हा तक्ता विद्यार्थ्यांना राज्यकारभाराविषयी अधिक शिकवील.

कार्यकाल हा अधिकाराचा असतो आणि त्यास अंत असणे हेच लोकशाहीचे लक्षण आहे. राज्य मात्र अखंड असते. एका मुख्यमंत्र्याने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळावा, एका शासनाकडून झालेला अन्याय पुढील शासनाने दूर करावा, ही अपेक्षा या अखंडतेवर आधारलेली आहे. पनवेल तालुक्यातील शेतकऱ्यांनी वीस वर्षे तीच अपेक्षा धरली आणि सनदशीर मागणी, संघर्ष व कागद यांच्या बळावर ती पुष्कळ अंशी पूर्ण करून घेतली. जेथे भूखंडांचे वाटप अथवा गावठाणांचा प्रश्न अद्याप अपुरा आहे, तेथे त्याची जबाबदारी आज त्या पदांवर असलेल्यांची आहे; मूळ निर्णय कोणाच्या कारकिर्दीत झाला हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.